मदत हवी आहे: उंदराने माझं भाषण अडवलंय!

मंडळी, रविवारी आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात ‘माणूस म्हातारा का होतो’ यावर वीस मिनिटं बोलायचंय. च्यवन ऋषी, ययाती इथवर गाडी सुसाट गेली, पुढे अडली.

१९६१ मध्ये अमेरिकी जीवशास्त्रज्ञ लिओनार्ड हेफ्लिक यांनी दाखवलं की माणसाच्या पेशी प्रयोगशाळेत साधारण ४० ते ६० वेळा विभागतात आणि मग थांबतात. दर विभाजनाला गुणसूत्रांच्या टोकाचे टेलोमिअर (टोकं जपणारी टोपणंच म्हणा) साबणाच्या वडीसारखे झिजतात, हेही कळलं. पण उंदराचे टेलोमिअर आपल्यापेक्षा कितीतरी लांब, तरी बिचारा दोन-तीन वर्षांत आटोपतो! मग झीज हे म्हातारपणाचं कारण म्हणायचं की नुसती खूण?

दुसरं म्हणजे, टेलोमिअर पुन्हा वाढवणारं टेलोमरेज हे विकर, म्हणजे एन्झाइम (यावरच्या कामाला २००९ चं नोबेल मिळालं) कर्करोगाच्या बहुतेक पेशीही वापरतात. शेजारच्या नानांनी परवा चष्मा कपाळावर सरकवून ‘टेलोमिअर वाढवणाऱ्या’ गोळ्यांची बाटली माझ्याकडून वाचून घेतली. भाषणाला ते पहिल्या रांगेत असणार. त्यांना काय सांगू?

जीवशास्त्रवाल्यांनी जरा सोप्या मराठीत समजवा. शनिवारपर्यंत जमेल का?