लाउडन काउंटी (व्हर्जिनिया): अ‍ॅशबर्न की पर्सेलव्हिल? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

न्यू जर्सीहून लाउडनला यायचं ठरलंय. नवऱ्याचं ऑफिस रेस्टनला, माझं काम घरून. सासू-सासरेही वर्षातले काही महिने असतील. काउंटीवर एकमत झालं, पुढे घोडं अडलंय.

नाव एक असलं तरी प्रदेश दोन आहेत. पूर्वेला, डलस विमानतळाच्या बाजूला अ‍ॅशबर्न, स्टर्लिंग, साउथ रायडिंग: टाउनहाउसच्या रांगा, देशी किराणा आणि मध्येच बिनखिडक्यांची अवाढव्य डेटा सेंटरं. नोव्हेंबर २०२२ पासून सिल्व्हर लाइन मेट्रो अ‍ॅशबर्नपर्यंत येते, तीच रेस्टनला थांबते. नवरोबा खूश. लीसबर्ग ओलांडून पश्चिमेला गेलं की कुरणं, घोडे, वाइनरी, खडीचे रस्ते. मी तिथेच अडकले. पर्सेलव्हिलच्या बाहेर जमिनीसकट एक घर पाहिलंय, पण पाणी बोअरचं आणि सेप्टिक टँक. नळाखेरीज पाणी ठाऊक नसलेल्या आमच्यासारख्यांनी हा उद्योग करावा का? घर घेण्याआधी नेमकं काय तपासायचं? वयस्कर माणसांचे तिथे हाल होतील का? 'दोन्हीकडे चांगलंच आहे' असं कृपया सांगू नका.

प्रतिसाद १:
आम्ही पश्चिमेलाच राहतो. बोअरचं पाणी प्रयोगशाळेत तपासून घ्या आणि किती वेगाने येतं तेही मोजायला सांगा. वीज गेली की पंप बंद, म्हणजे नळही कोरडे. जनरेटरचे पैसे आधीच धरा. सेप्टिकचा परवाना स्वतः वाचा. तो बेडरूमच्या संख्येवर असतो. जाहिरातीत चार आणि कागदावर तीन असं निघू शकतं. ड्रेनफील्डवर, म्हणजे सेप्टिकचं पाणी जिथे जमिनीत मुरतं त्या जागेवर, झाडं लावायची नाहीत, गाडी न्यायची नाही. जमिनीवर कॉन्झर्व्हेशन ईझमेंट (जमीन मोकळी राखण्याचा कायदेशीर करार) असेल, तर पुढे काय बांधता येईल यावर बंधनं येतात, तेही बघा.

प्रतिसाद २:
सासू-सासरे गाडी चालवणार नसतील, तर अ‍ॅशबर्न. पश्चिमेला दुधाच्या पिशवीसाठीसुद्धा कोणीतरी न्यायला लागतं. शिवाय लीसबर्गहून डलसकडे येणाऱ्या डलस ग्रीनवे या रस्त्याचा टोल जबरी आहे आणि व्हर्जिनियात गाडीवर दरवर्षी कर भरावा लागतो. तो खर्च न्यू जर्सीवाले हमखास विसरतात.

धागाकर्ती:
दोघांचे आभार! परवान्याचं माहीतच नव्हतं. ती कागदपत्रं काउंटीच्या आरोग्य विभागाकडे मागायची की घर विकणाऱ्याकडे?

प्रतिसाद १:
दोघांकडेही मागा आणि ताडून बघा.