के२-१८बी चा ‘फोटो’ म्हणे! काढला कुणी?

जुना मास्तर: सकाळी पेठेच्या ग्रुपवर एक चित्र आलं. निळा समुद्र, वर तांबडा सूर्य, काठाला हिरवं शेवाळ. खाली ओळ, ‘१२४ प्रकाशवर्षांवर जीवसृष्टी सापडली’. वर पाठवणाऱ्याचा शेरा, ‘फोटो झूम करून बघा’. अरे, कसला फोटो? दर ३३ दिवसांनी के२-१८बी हा ग्रह त्याच्या ताऱ्यासमोरून जातो, तेव्हा त्याच्या हवेच्या कडेतून गाळून आलेला उजेड जेम्स वेब दुर्बीण टिपते. हाताशी येतो तो चार उंचवट्यांचा आलेख. त्यात २०२३ साली मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड दिसले, एवढं मानायला हरकत नाही. वस्तुमान पृथ्वीच्या साडेआठ पटींच्या आसपास, त्रिज्या अडीच पटींहून थोडी जास्त. खाली समुद्र आहे की नुसता वायूचा जाड थर, यावर अजून वाद चाललाय. आणि ह्यांनी शेवाळ उगवून दाखवलं!

रंकाळाकाठ: सर, नववीत तुम्हीच आम्हाला अणू काढायला लावला होता. मधे लाडू, भोवती मणी. तो फोटो होता काय? माझी पोरगी सातवीत आहे. हे चित्र बघून तिनं जेवता जेवता विचारलं, प्रकाशवर्ष म्हणजे किती किलोमीटर? तुमचा आलेख दाखवला असता तर ताटावरच पेंगली असती. आणि एप्रिल २०२५ मध्ये केंब्रिजचे खगोलशास्त्रज्ञ मधुसूदन यांच्या गटानं डायमिथाइल सल्फाइड या वायूची खूण सांगितली, ती काय हवेतनं आली?

जुना मास्तर: हवेतनंच आली, त्या ग्रहाच्या! पण तीन सिग्माची; सिग्मा म्हणजे खात्रीचं माप. शोध म्हणायला पाच लागतात. दुसऱ्यांनी तीच निरीक्षणं परत तपासली, तर खूण पुसट झाली. पृथ्वीवर हा वायू समुद्रातले सूक्ष्मजीव सोडतात, कबूल. पण ६७पी धूमकेतूवरही तो सापडलाय. तिथं कुणी शेवाळ लावलं?

फुलेवाडीकर: वासावरनं जीव शोधायचा तर रंकाळ्यावर या की मर्दांनो. परवा संध्यामठाकडं भेळ घेऊन बसलो, निम्मी टाकून उठलो. केंदाळ नुसतं!

रंकाळाकाठ: केंदाळाला काय बोलतोस? सांडपाणी आलं की ते वाढणारच. मूळ तिथं आहे.

जुना मास्तर: आम्ही पोहायला शिकलो त्या पाण्यात.

फुलेवाडीकर: आणि शेजारी म्हशी धुवायचा, ते सांगा की!

जुना मास्तर: म्हशींनी तळं नासत नाही. विषय ग्रहाचा आहे, गटारीचा धागा वेगळा काढा.

रंकाळाकाठ: गटार म्हणायचं काम नाही. घर आहे आमचं तिथं. पावसाळ्यात खिडकी लावून झोपतो आम्ही, तुम्ही नाही.

फुलेवाडीकर: आणि त्या दिव्यांचं कोण बोलणार? काठावर एवढा लखलखाट, तारा दिसतोय कुठं? पोरं मोबाइलवरच ग्रह बघणार.

जुना मास्तर: हे मात्र तू शहाण्यासारखं बोललास. चुकून. हा तारा तसाही नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, मसाई पठारावर गेलास तरी नाही. आज पोचणारा त्याचा उजेड निघाला तेव्हा इथं कोल्हापुरात शाहू महाराज गादीवर होते. पोरीला हे सांग रे, रंकाळाकाठ. आणि ते चित्र राहू दे तुझं, नाहीतर म्हणशील मास्तरनं पोरीचा प्रश्न मारला. पण खाली ‘काल्पनिक’ एवढा एक शब्द टाक.

रंकाळाकाठ: टाकला, सर. ग्रुपवर लगेच दोघांचं उत्तर: ‘मग खरा फोटो पाठव.’