पुरावा नाही, म्हणून स्वातंत्र्यसैनिक नाही?

लातूरकर:
आमचे आजोबा 1948 साली 17 वर्षांचे होते. रझाकारांचा जाच वाढला तसे जानेवारीत घरी न सांगता निजामाची हद्द ओलांडून बार्शीकडच्या, निजामाविरुद्ध लढणाऱ्यांच्या कॅम्पवर गेले. सप्टेंबरच्या पोलीस अ‍ॅक्शनपर्यंत, म्हणजे भारतीय सैन्य हैदराबाद संस्थानात शिरेपर्यंत, त्यांनी घराचं तोंड पाहिलं नाही. पुढं सगळा जन्म शेतीत गेला. सोबत्यांनी फारच धरलं तेव्हा केंद्राच्या सन्मान निवृत्तिवेतनासाठी अर्ज केला. उत्तर आलं, फरारी घोषित केल्याचा मूळ अभिलेख सादर करा.

वॉरंट निजामाच्या ठाण्यातलं, दप्तर उर्दूत, आणि त्या धामधुमीत ते कुठं गेलं कुणास ठाऊक. जो पळाला त्यानं स्वतःचं वॉरंट बगलेत मारून न्यायचं होतं का? 'अभिलेख उपलब्ध नाही' असा तहसीलचा दाखला जोडला, तर तोच पुढं करून दावा नामंजूर केला. आता प्रकरण खंडपीठात आहे आणि आजोबा 94 वर्षांचे. परवा मला म्हणाले, "यादीत नाव नाही, मग मी ते आठ महिने कुठं होतो रे?" अशा माणसाकडं कागद मागणंच मला अन्यायाचं वाटतं.

बीडची लेक:
दादा, तुमच्या आजोबांना नमस्कार. पण कागद मागूच नये हे मला मान्य नाही. आमच्या जिल्ह्यातल्या बोगस स्वातंत्र्यसैनिकांचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. 2005 साली न्यायालयाला निवृत्त न्यायमूर्तींकडून चौकशी करवावी लागली. आमच्या गावातल्या एकाचं वय शाळेच्या रजिस्टरप्रमाणे 1948 मध्ये 6 वर्षं होतं, आणि अर्जात 'भूमिगत राहून रझाकारांशी लढलो'! शिफारशीची पत्रं खऱ्या सैनिकांचीच, कुणी भिडेनं दिली, कुणी डोळे झाकून. राज्याचं निवृत्तिवेतन आता महिन्याला 20,000 रुपये आहे, शिवाय पाल्याला नोकरीत सवलत. नुसत्या शब्दावर दार उघडलं की आधी कोण आत शिरतं ते आम्ही पाहिलंय. माझे आजोबा तुरुंगात जाऊन आलेले. त्या माणसाच्या शेजारी झेंडावंदनाला उभं राहायला लागलं म्हणून त्यांनी जाणंच सोडलं.

काळा कोट:
कायदा तुम्हा दोघांच्या मधोमध आहे. उशिरा अर्ज केला एवढ्यावरून नाकारता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयात मुकुंद लाल भंडारी प्रकरणात 1993 लाच ठरलं. लाभ मात्र अर्जाच्या तारखेपासून. गुरदयाल सिंग प्रकरणात 2001 साली न्यायालयानं सांगितलं की इथं फौजदारी खटल्यासारखा निःसंशय पुरावा नको, शक्यतेची कसोटी लावा. पण कसोटी सैल आहे म्हणजे पुरावाच नको असं नाही. भूमिगताला सहा महिन्यांहून अधिक काळ दाखवावा लागतो. अभिलेख नसेल तर तसा रीतसर दाखला राज्य सरकारचा लागतो, आणि जोडीला तुरुंगवास भोगलेल्या ज्येष्ठ सैनिकाचं प्रत्यक्ष माहितीचं प्रमाणपत्र. लातूरकर, तुमचा दाखला तहसीलचा आहे. बरेच दावे इथंच मार खातात.

लातूरकर:
हे आम्हाला इतक्या वर्षांत कुणी सांगितलं नाही! प्रमाणपत्र आहे, वहीच्या रेघी कागदावर, कॅम्पवरच्याच एका ज्येष्ठाच्या सहीचं. ते स्वतः तुरुंगात जाऊन आलेले. आता हयात नाहीत, म्हणून कार्यालय म्हणतं पडताळणी होत नाही. ताई, बोगस लोकांनी खाल्लं त्याची शिक्षा आमच्या म्हाताऱ्यानं का भोगायची?

बीडची लेक:
भोगू नये. पण माझं म्हणणं तेच, पडताळणी हवीच. ती सरकारनं करावी, 94 वर्षांच्या माणसाला दारोदार पाठवून नाही. सही करणाऱ्याची स्वतःची निवृत्तिवेतनाची फाईल सरकारकडंच असेल ना? त्यातल्या सहीशी ताडून बघायला कितीसा वेळ लागतो? आणि आजोबांच्या शाळेचा दाखला आहे का? वय तिथंच कळतं.

काळा कोट:
फाईल मागवण्याची विनंती खंडपीठापुढं करता येईल. राज्याच्या दाखल्यासाठीही निर्देश मागा. आणि वयाचा विचार करून तातडीच्या सुनावणीचा अर्ज आधी टाका.

लातूरकर:
शाळेचा दाखला आहे, जन्म 1931. आत्ताच आजोबांच्या पेटीतून काढला, रेघी कागदाच्या घडीतच होता. सोमवारी दोन्ही घेऊन वकिलांकडं जातो. ताई, तुमच्या आजोबांनी त्या कॅम्पवरच्या कुणाचं नाव कधी घेतलं असेल तर कळवा.