दोरूच्या डोंगरातला द्राक्षमळा: एका दिवसात कुठला पाहावा?

फोंडेकर: सप्टेंबरअखेरीस मामेभावाकडे लिस्बनला जातोय. सोबत आई, वय ६८, गुडघे दुखतात. पोर्तूला दोन दिवस आहोत, त्यातला एक दोरू नदीच्या खोऱ्यासाठी. नाशिकला पाहिलेले मळे सपाटीवरचे होते. जुना, उतारावरचा मळा सुचवा.

साखळीकर: दोरूकाठचं पिन्यांव गाव गाठा. पोर्तूहून रेल्वेने अडीच तास धरा. जाताना उजवीकडे बसा. मी डावीकडे बसलो आणि नदीऐवजी कातळ बघत गेलो.

मळा म्हणाल तर किंता दु नोव्हाल, १७१५ पासूनचा. बुकिंग आधी करा. डोंगर नुसता शिस्टचा, म्हणजे पापुद्र्यांचा दगड. त्याच्या भेगांतून मुळं पाण्यासाठी खोल जातात. उतारावरच्या मळ्याच्या पायऱ्यांना आपल्या गडग्यासारखे बिनचुन्याचे बांध. १८६० नंतर फिलॉक्सेरा ही मुळांवरची कीड आली नि वेली वठल्या. तेव्हापासून अमेरिकन मुळावर कलम करूनच लावतात. नोव्हालचा 'नासियोनाल' हा तुकडा मात्र बिनकलमी, स्वतःच्या मुळांवर. खोऱ्यात काही पायऱ्या रानात बुडालेल्या दिसतील. किडीनंतर सोडून दिलेल्या त्या. त्यांना 'मोर्तोरियु' म्हणतात. मला तर मळ्यापेक्षा त्याच जास्त आठवतात.

मांडवीकाठ: तिथली पोर्ट वाईन एवढी गोड कशी? साखर घालतात का हो?

साखळीकर: छे! रस दोन-तीन दिवस आंबला की त्यात ७७ टक्क्यांची द्राक्षाचीच दारू ओततात. आंबणं थांबतं, उरलेली साखर तशीच राहते. काही ठिकाणी द्राक्षं अजून ग्रॅनाइटच्या हौदात पायांनी तुडवतात. आपण गोव्यात कोळंबीत, म्हणजे तुडवणीच्या कुंडात, काजूची बोंडं तुडवतो, तेच. फरक एवढाच की तिथे पर्यटकही पाय धुऊन उतरतात!

डिचोलीची: आईंना उतारावर नेऊ नका, गुडघ्यांना उतरणंच जड जातं. पिन्यांवच्या धक्क्यावरून तासाभराची होडी घ्या, पूर्वी पिंपं वाहायच्या त्या राबेलुच्या घडणीची. आणि स्टेशनवरच अर्धा तास काढा. भिंतींवर निळ्या फरशांची २४ चित्रं आहेत. काढणी, टोपल्या, नदी, सगळं.

हद्दीचे दगडही विचारा. १७५६ मध्ये पोर्तुगालचा मंत्री पोंबाल याने पोर्टच्या मळ्यांची सीमा ठरवली, मग ग्रॅनाइटचे खांब रोवले. काही अजून उभे आहेत.

फोंडेकर: पिन्यांव नक्की. आईला होडी, मला नोव्हाल. उजवी बाजू लिहून ठेवली. येताना बाटल्या किती चालतात?

डिचोलीची: माणशी दोन लिटर. आईंचेही धरा.