युरोलॉजिस्टकडे पहिली भेट: लघवी किती अडवून जायचं

वडिलांना मिरजेला युरोलॉजिस्टला, म्हणजे लघवीच्या विकारांच्या डॉक्टरांना दाखवायचंय, पहिल्याच दिवशी लघवीची नळी घालतील का, असं विचारलंत. सहसा नाही. लघवी पूर्ण तुंबली असेल तरच लगेच घालतात.

खरा घोळ होतो तो युरोफ्लोमेट्रीत, म्हणजे धारेचा वेग मोजताना. जत-आटपाडीहून एसटीने आलेला माणूस स्टँडवर उतरला की आधी मुतारी गाठतो. मग दवाखान्यात फनेलमध्ये जेमतेम ८० मिली होते. १५० मिलीच्या खाली आलेख भरवशाचा नसतो, पुन्हा पाणी पिऊन ताटकळावं लागतं. पण म्हणून एकदम लिटर-दीड लिटर पाणीही ढोसू नका. जास्त ताणलेलं मूत्राशय नीट आकुंचन पावत नाही आणि लगेच केलेल्या सोनोग्राफीत मागे उरलेली लघवी उगाच जास्त दिसते. रोज लागते तेवढीच लागू द्या.

आधीचे तीन दिवस मापाच्या मगात लघवी मोजून वेळेसकट वहीत लिहा, रात्रीची तर नक्कीच. डॉक्टरांना याचा फार उपयोग होतो.

चालू गोळ्यांची पाकिटंच सोबत न्या. सर्दीच्या काही गोळ्यांनीही लघवी अडते. फिनास्टेराइड ही प्रोस्टेटची (मूत्राशयाखालच्या ग्रंथीची) गोळी सहा महिने-वर्षभर चालू असेल तर पीएसए, म्हणजे प्रोस्टेटसाठीच्या रक्ततपासणीचा आकडा, साधारण निम्मा दिसतो, ते सांगितलंच पाहिजे. उलट, लघवीत जंतुसंसर्ग असेल तर पीएसए वाढलेला येतो.

प्रोस्टेट गुदद्वारातून बोटाने तपासतात, अर्ध्या मिनिटाचं काम. वडिलांना हे घरीच सांगून ठेवा, तिथे अचानक कळलं की म्हातारी माणसं फार संकोचतात.