सल्ला हवा : ध्रुवावरचा बर्फ हलता काढायचाय, बजेट ५,०००

हिरावाडीकर: अंटार्क्टिकाभोवतीचा समुद्रबर्फ वर्षभरात कसा पसरतो नि ओसरतो, याचं हातानं काढलेलं एक मिनिटाचं अ‍ॅनिमेशन करायचंय. सेकंदाला १२ चित्रं. लाइट पॅड (खालून उजेड देणारी, कागद ठेवून गिरवायची पाटी) घेऊ की पेन टॅब्लेट (संगणकावर पेननं काढायची पाटी)? ५,०००च्या आत.

गंगापूर_रोड: सरळ आयपॅड घ्या, पेन्सिलसकट. मी डोळे मिटून घेतला.

हिरावाडीकर: बजेट वाचलंत का?

सातपूरची_सई: लाइट पॅड नकोच. माझ्या पॅडचा कोपरा पहिल्याच पावसाळ्यात काळा पडला, दुकानदार दाद देईना.

कोळसेवाला: ७२० कागद कशाला रंगवता? एकाच जाड कागदावर कोळशानं काढा, फोटो घ्या, थोडं पुसा, पुढचं काढा. दक्षिण आफ्रिकेचे चित्रकार विल्यम केंट्रिज असंच करतात. पुसल्याचा डाग राहतो तो इथं कामाचाच, बर्फाची कड आधी कुठे होती ते दिसतं. मोबाइल स्टँडला घट्ट, एक्स्पोजर लॉक, खिडकी बंद. नाहीतर ढग आला की चित्र लुकलुकतं.

गंगापूर_रोड: आयपॅडवर हे सगळं होतं.

त्र्यंबकवाला: आपल्या फाळक्यांनी वाटाण्याचं रोप एकेक फ्रेम घेऊन वाढताना दाखवलं, तेही 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी. कुठला आलाय टॅब्लेट!

पंचवटी_एक्सप्रेस: फाळके नाशिकचे.

त्र्यंबकवाला: जन्म १८७०, त्र्यंबकेश्वर. तालुकासुद्धा वेगळा आहे साहेब.

भूगोल_मॅडम: भांडण झालं असेल तर बोलते. ७२० चित्रं म्हणजे वर्षातल्या दर दिवसासाठी जेमतेम दोन. बर्फ फेब्रुवारीत सर्वात कमी, सुमारे ३० लाख चौ.किमी.; सप्टेंबरात १ कोटी ८० लाखांच्या आसपास. वाढायला सात महिने, वितळायला पाच, तेव्हा ओसरणं भराभर काढा. नासाच्या वर्ल्डव्ह्यू या संकेतस्थळावर रोजचे नकाशे फुकट आहेत. समुद्रबर्फाचा थर निवडा, साध्या फोटोत हिवाळाभर अंधारच दिसेल. आणि सूर्य डोक्यावर नेऊ नका. ध्रुवाजवळ तो उन्हाळ्यात मावळत नाही, आकाशात गोल फिरतो, सावल्याही सोबत फिरतात.

सातपूरची_सई: पांढरी अस्वलं पण काढा, छान दिसतील.

भूगोल_मॅडम: ती उत्तरेला असतात.

कोळसेवाला: परत सांगतो, कोळसा.

हिरावाडीकर: सगळ्यांचे आभार. आईच्या क्लासचा काळा फळा माळ्यावर पडून आहे. पांढऱ्या खडूनं त्यावरच करतो. मोबाइल स्टँड तेवढा घेतला.

गंगापूर_रोड: मग विचारलंत कशाला?

कोळसेवाला: पुसायला डस्टर नको, सुती फडकं घ्या. आणि लेन्स पुसत जा, खडूची भुकटी बसते.