धडधाकट प्राणी मारायचा नाही, तर त्याचं करायचं काय?

रानपिंगळा: कोपनहेगनच्या प्राणिसंग्रहालयाने फेब्रुवारी २०१४ मध्ये मारियस नावाचा तरुण, निरोगी पण जादा ठरलेला जिराफ मारला, लोकांसमोर त्याची चिरफाड केली आणि मांस सिंहांना घातलं. जुलै २०२५ मध्ये जर्मनीत न्यूरेंबर्गच्या प्राणिसंग्रहालयाने १२ गिनी बबून (मोठी माकडं) मारले. तिथलं आवार २५ जणांसाठी बांधलेलं होतं आणि कळप चाळिशीपार गेला होता. मारियसला इंग्लंडमधल्या यॉर्कशायरचं एक प्राणी-उद्यान घ्यायला तयार होतं. मग पाठवला का नाही? नसबंदी किंवा गर्भनिरोधक का नाही? 'अरेरे' सोडून उत्तर हवंय.

खुरपाणी: कुणीतरी तयार आहे एवढ्याने भागत नाही. युरोपातल्या जिराफांचं प्रजनन एकत्र आखलं जातं. स्टडबुकावरून, म्हणजे जनावरांच्या वंशावळीच्या नोंदवहीवरून, प्रत्येक जनावराचं बाकी सगळ्यांशी सरासरी किती नातं आहे ते काढतात. ज्याची भावंडं आधीच जागोजागी आहेत त्याचा आकडा चढतो आणि पैदाशीसाठी त्याची गरज उरत नाही. मारियसचं हेच झालं. यॉर्कशायरला तर त्याचा भाऊच होता. तिथे जागा असेल तर ती दूरच्या नात्याच्या जिराफाला मिळावी, असं कोपनहेगनचं म्हणणं होतं.

गर्भनिरोधक वाटतं तितकं सोपं नाही. वाघिणी-सिंहिणींना पूर्वी एमजीए या हार्मोनचं इम्प्लांट कातडीखाली बसवत. वर्षानुवर्षं राहिलं की गर्भाशयाचं अस्तर जाड होतं आणि स्तनांचा कर्करोगही होतो. आता डेस्लोरेलिन या दुसऱ्या औषधाचं इम्प्लांट वापरतात. ते पहिले दोन-तीन आठवडे मादीला उलट माजावरच आणतं. म्हणून आधी आठवडाभर आणि नंतर आठवडाभर माज दाबणाऱ्या मेजेस्ट्रॉलच्या गोळ्या द्यायच्या, नाहीतर नर वेगळा ठेवायचा. इथे ढिलाई झाली की 'बंदोबस्त केलेली' मादी गाभण राहते. शिवाय परिणाम कधी उतरेल याचा नेम नाही. सहा महिन्यांच्या हिशेबाने लावलेलं दोन वर्षंही चालतं, आणि बरीच वर्षं पिल्लू न झालेली मादी पुढे भाकडच राहू शकते.

इंजेक्शन देऊन का मारत नाहीत, हेही लोक विचारतात. त्या इंजेक्शनातलं पेंटोबार्बिटल मांसात टिकून राहतं. तसं मांस खाणारा सिंहही गुंगून मरू शकतो. मांस खाऊ घालायचं असेल तर गोळीच घालावी लागते.

वाकडं शेपूट: तपशील मान्य, निष्कर्ष नाही. मारियसच्या आईबापांचं नातंगोतं स्टडबुकात आधीपासून लिहिलेलं होतं ना? जिराफाचा गर्भकाळ सुमारे १५ महिन्यांचा. नर-मादी एकत्र सोडले त्याच दिवशी हे पिल्लू नकोसं होणार हे कळत होतं. कोपनहेगनवाले ते लपवतही नाहीत. त्यांच्या मते जोडी जमवणं आणि पिल्लू वाढवणं हा प्राण्याच्या नैसर्गिक जगण्याचा भाग आहे, तो हिरावू नये. पिल्लू आईपासून सुटं होण्याच्या वयाला आलं की जादाचं काढावं. भूमिका निदान सरळ आहे. पण त्याच पिल्लाच्या जन्माची जाहिरात करून गर्दी खेचायची असेल, तर ती सरळ राहत नाही.

त्याच संग्रहालयाने मार्च २०१४ मध्ये चार सिंह मारले, दोन म्हातारे आणि दोन दहा महिन्यांचे बछडे. कारण नवा नर आणायचा होता. नवा नर बछड्यांना मारतो हे खरंय, पण तो काही स्वतः चालत आला नव्हता.

जर्मनीत सबळ कारणाशिवाय पृष्ठवंशीय प्राणी मारणं गुन्हा आहे. तिथल्या माग्डेबुर्गच्या प्राणिसंग्रहालयात २००८ मध्ये वाघाचे तीन बछडे जन्मताच मारले, कारण बाप शुद्ध सायबेरियन नाही असं निघालं. २०१० मध्ये न्यायालयाने संचालकांसह चौघांना दोषी धरलं. 'रक्त शुद्ध नाही' हे त्या न्यायालयाला सबळ कारण वाटलं नाही.

हरणटोळ: आपल्याकडे निरोगी जनावर जादा झालं म्हणून मारत नाहीत, असाध्य यातना असतील तरच दयामरण. चंदीगडजवळच्या छतबीर प्राणिसंग्रहालयात आशियाई आणि आफ्रिकी सिंहांचा संकर झाला, तेव्हा नरांची नसबंदी करून ती पिढी म्हातारी होऊन संपू दिली. खच्चीकरण केलं असतं तर आयाळ झडली असती. नसबंदीत नुसती शुक्रनळी कापली तर हार्मोन शाबूत राहतात. पण मादीचा माज थांबत नाही. तिला वारंवार खोटी गर्भधारणा होते आणि गर्भाशय बिघडतं. म्हणजे किंमत चुकतेच, फक्त ती मादीच्या वाट्याला येते.

चितळांचं तर विचारूच नका. दिल्लीच्या हौज खासच्या डिअर पार्कात मोजक्या चितळांचे सहाशेच्या आसपास झाले. २०२३ मध्ये केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने पार्कची मान्यताच काढली आणि चितळ राजस्थानच्या जंगलांत हलवायचं ठरलं. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेलं. पकडताना चितळ फार दमवलं की स्नायू फुटतात, त्यातलं प्रथिन मूत्रपिंडात अडकतं आणि जनावर पुढच्या काही दिवसांत मरतं. म्हणून बोमा उभारतात: हिरव्या कापडाचं नरसाळ्यासारखं कुंपण, तोंडाशी चारा-पाणी, शेवटी थेट ट्रक. आधी कित्येक दिवस चितळांना तिथे चरायची सवय लावायची. गाभण माद्या आणि मखमली शिंगांचे नर मागेच ठेवायचे. घाईत जाळी टाकून पाठलाग केला तर 'न मारता हलवलेले' वाटेतच मरतात.

रानपिंगळा: मग नर-मादी वेगळे ठेवणं?

खुरपाणी: चितळांत चालतं. नरांचं वेगळं आवार, मधे उंच कुंपण, शिंगं कडक झाली की झुंजी होतात म्हणून चाऱ्याच्या गव्हाणी दूर दूर आणि नरांपेक्षा जास्त. जिराफाचे तरुण नरही एकत्र राहतात. फक्त त्यासाठी दुसरं उंच, गरम ठेवता येईल असं घर लागतं आणि युरोपच्या हिवाळ्यात तेच सगळ्यात महाग पडतं. बबूनांत असं करता येत नाही. नर बाजूला काढले की कळपातली नातीच विस्कटतात आणि परत सोडायला गेलं की दात चालतात.